अंकोपासक कापरेकर

मुंबईहून सुरतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पालघर व बोईसर ही स्थानके मागे पडली म्हणजे थोड्याच वेळात डहाणू लागते. बोईसरनजीक तारापूर येथे १९६९ साली अणुवीज-केंद्र सुरू झाले आणि या परिसराचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्यापूर्वी कितीतरी वर्षे, १७ जानेवारी १९०५ रोजी, याच सागरतीरावरील डहाणू गावी एका थोर अंकोपासकाचा जन्म झाला होता. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

दत्तात्रेय आठ वर्षांचे असतानाच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते व त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडावयाची म्हणजे आकडेमोड आलीच. ही आकडेमोडीची गोडी वडिलांकडून मुलाकडे आली. ठाण्यास माध्यमिक शिक्षण पुरे करून १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. स्वतंत्र गणिती लेखनाबद्दलचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांनी १९२७ साली मिळविले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत शिक्षक म्हणून राहिले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी हाच पेशा केला.

पदवीपुढील शिक्षण त्यांना लाभले नाही. जवळ होते ते केवळ कागद, लेखणी आणि अंक. तेवढ्या साधनांवर त्यांनी केवढे नवल दाखविले पाहा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि येणाऱ्या बाकीवर हीच कृती पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ उरतात. त्यापासून ८३५२ आणि शेवटी ६१७४ येतात. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच, आणि मग ती संख्या बदलत नाही. हाच जगप्रसिद्ध कापरेकर स्थिरांक होय. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० व २५ असे भाग करून मिळविले असता पुन्हा ४५ च येतात. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. स्वअंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद हे नाव दिले.

हे सारे पोरखेळ आहेत, असे मानणारे गणितज्ञ त्या काळी पुष्कळ होते. कापरेकरांचे बरेच लेखन सामान्य नियतकालिकांत किंवा त्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तिकांत राहिले. निवृत्तिवेतन तुटपुंजे असल्यामुळे उतारवयातही त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. तरीही त्यांची उपासना खंडित झाली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्या कार्याची ओळख जगाला करून दिली. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

ज्या संख्याशास्त्रात ते रमले, ते व्यवहारात निरुपयोगी आहे असाच समज पूर्वी होता. त्यांच्या हयातीतच तो समज खोटा ठरला. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनी अमेरिकेत गुप्तलेखनाची एक नवी रीत काढली. तिच्यात कुलूप लावण्याची किल्ली सर्वांना उघडपणे दिलेली असते. उघडण्याची किल्ली मात्र धन्याजवळच राहते. या रीतीचे मर्म अगदी साधे आहे. ५३ व ६१ या मूळ संख्यांचा गुणाकार ३२३३ आहे, हे कोणीही सांगेल. परंतु ३२३३ वरून त्या दोन संख्या शोधावयास वेळ लागतो. मग शेकडो अंकी संख्येची काय कथा! पेढीचे व्यवहार व खाजगी निरोप सुरक्षित ठेवण्यास ही रीत उपयोगी पडली.

ही रीत कापरेकरांची नव्हे, व त्यांचा स्थिरांकही तिच्यात येत नाही. पण ती ज्या संख्याशास्त्रातून निघाली, त्याच शास्त्राच्या अंगणात ते आयुष्यभर वावरले. पालघर-बोईसरकडील एखादा विद्यार्थी आज विद्यापीठात हे गुप्तलेखन शिकू लागला, तर त्याला मूळ संख्या, भागाकार व बाकी यांपासूनच आरंभ करावा लागतो. ज्ञानाचा उपयोग केव्हा व कोठे होईल, हे आधी कळत नाही. लाभाची वाट न पाहता केलेली कापरेकरांची अंकसेवा म्हणूनच आदरास पात्र आहे.