काठावरचा प्रबंध

मित्रांनो, व्हायव्हात एक्स्टर्नलने पार उलटंपालटं केलं की आपण आठवडाभर तोंड पाडून बसतो. अशा वेळी मला स्वान्ते अर्‍हेनिअस आठवतो. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना तो समीकरणापुरताच माहीत. पण त्याची गोष्ट समीकरणापेक्षा भारी आहे.

जन्म १८५९ चा, स्वीडनमधल्या उपसाला शहराजवळचा. वडील जमीनमोजणीचं काम करायचे. उपसाला विद्यापीठात मनासारखं शिकवणारं कोणी मिळेना, म्हणून १८८१ मध्ये तो स्टॉकहोमला एडलुंड यांच्याकडे काम करायला गेला. डोक्यात एकच भुंगा. कोरड्या मिठातून वीज जात नाही, शुद्ध पाण्यातून जवळजवळ जातच नाही, मग मिठाच्या पाण्यातून कशी काय जाते?

१८८४ मध्ये त्याने यावर सुमारे दीडशे पानांचा प्रबंध उपसालाला दिला. तिथल्या प्राध्यापकांना तो पटला नाही. श्रेणी मिळाली अगदी खालची, म्हणजे विद्यापीठात नोकरीची आशा जवळपास संपलीच. पण गडी खचला नाही. त्याने प्रबंधाच्या प्रती परदेशातल्या शास्त्रज्ञांना पाठवल्या. रीगाचे ओस्टवाल्ड तो वाचून त्याच वर्षी त्याला भेटायला चक्क उपसालाला आले! मग विद्यापीठानेही त्याला शिकवायला घेतलं.

१८८७ मध्ये त्याने सिद्धांत पूर्ण मांडला. मीठ पाण्यात विरघळलं की वीज सोडण्याआधीच त्याचे आयन सुटे झालेले असतात. लोकांना हे अशक्य वाटलं. सोडियम तर पाण्यात पेट घेतो आणि क्लोरीन विषारी, मग मिठाचं पाणी आपण पितो कसं? उत्तर असं, की विद्युतभार असलेला आयन आणि नुसता अणू यांचे गुणधर्म साफ वेगळे असतात.

पण हे काम पाण्यालाच इतकं छान का जमतं? ते पुढच्या लोकांनी उलगडलं. पाण्याचा रेणू वाकडा असतो. ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण, हायड्रोजनची थोडी धन. हे रेणू आयनांभोवती गराडा घालतात आणि आयनांमधलं आकर्षण सुमारे ८० पटींनी कमी होतं. साखरेत आयन नसतात, तरी ती हायड्रोजन बंधांमुळे विरघळते. तेलाला मात्र पाणी असं धरून ठेवू शकत नाही. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी दाखवलं, की मिठाच्या स्फटिकात आयन आधीपासूनच असतात. पाणी ते तयार करत नाही, फक्त सुटे करतं.

१९०३ मध्ये याच सिद्धांतासाठी अर्‍हेनिअसला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल मिळवणारा तो पहिला स्वीडिश माणूस. १९२७ मध्ये स्टॉकहोमला तो वारला.

तेव्हा दोस्तांनो, प्रोजेक्ट रिपोर्टला कमी मार्क पडले तर तो कपाटात कोंबण्याआधी त्या विषयातल्या एखाद्या जाणत्या माणसाला पाठवून बघा. फार तर काय, उत्तर येणार नाही!