एका पायाचा कुंभार आणि फरशीमागचे रसायन

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की वाटेत चितेगाव लागते. कारखान्यांच्या आधाराने वाढलेले हे गाव. अशा गावात नव्या घराचे काम शेवटच्या टप्प्यात आले की ठरलेले दृश्य दिसते. टाइल्सची खोकी रचून ठेवलेली असतात, कटरचा कर्कश आवाज चालू असतो आणि फरशी कापणारा कारागीर पांढऱ्या धुरळ्यात बसलेला असतो. पाणी न शोषणारी, डाग न धरणारी ती चकचकीत टाइल ही रसायनशास्त्राची देणगी आहे. तो पांढरा धुरळाही त्याच रसायनाचा भाग आहे. या दोन्ही बाजू अडीचशे वर्षांपूर्वी ज्याने अगदी जवळून पाहिल्या, तो माणूस म्हणजे इंग्लंडचा कुंभार जोसाया वेजवुड.

वेजवुडचा जन्म १७३० साली इंग्लंडमधील बर्स्लेम या गावी झाला. घराणे पिढीजात कुंभारांचे आणि भावंडे बरीच. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले आणि शाळा सुटली. १७४४ मध्ये तो थोरल्या भावाकडे उमेदवार म्हणून काम शिकू लागला. पण त्याआधीच लहान वयात त्याला देवीचा आजार झाला होता. जीव वाचला, मात्र उजवा गुडघा कायमचा अधू झाला. त्या काळी कुंभाराचे चाक पायाने फिरवावे लागे. हा पाय नेमका तेथेच साथ देईना. चाकावर बसणे अवघड झालेला हा मुलगा मग मातीची मिश्रणे, झिलई आणि भट्टी यांच्याकडे वळला.

मातीची टाइल कशी होते?

वेजवुडचे काम समजण्यासाठी टाइलचे रसायन थोडक्यात पाहू. टाइलमध्ये मुख्यतः तीन घटक असतात. पहिला म्हणजे चिकणमाती. तिच्यामुळे मिश्रणाला आकार देता येतो. पांढऱ्या शुभ्र चिनीमातीला केओलीन म्हणतात. सातवाहनकाळात पैठण आणि तेर येथील कारागीर याच मातीच्या सुबक मूर्ती घडवत होते. दुसरा घटक सिलिका, म्हणजे गारगोटीची किंवा वाळूची पूड. ती टाइलचा सांगाडा धरून ठेवते. तिसरा घटक फेल्डस्पार हा खनिज दगड. तो भट्टीत वितळतो आणि बाकीच्या कणांना डिंकासारखा जोडतो.

भट्टीचे तापमान पाचशे ते सहाशे अंशांवर गेले की मातीच्या रेणूंत बांधलेले पाणी निघून जाते. त्यानंतर ती पुन्हा भिजवून मळता येत नाही. अकराशे-बाराशे अंशांच्या पुढे फेल्डस्पार वितळून काच बनतो, मातीतून म्युलाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात आणि छिद्रे बुजतात. वर दिलेली झिलई म्हणजे खरे तर काचेचा पातळ थर. तो आणि खालची माती थंड होताना सारख्याच प्रमाणात आकसायला हवेत, नाहीतर झिलईला केसासारख्या भेगा पडतात. रंग येतो तो धातूंमुळे. कोबाल्टने निळा, क्रोमियमने हिरवा आणि लोहाने तांबडा-तपकिरी. कौले तांबडी दिसतात ती त्यातील लोहामुळेच.

वेजवुडच्या तरुणपणी यातले काहीच माहीत नव्हते. रेणू, मूलद्रव्य या कल्पना अजून आकार घेत होत्या. कुंभार अंदाजाने मिश्रण करत आणि दैवावर भट्टी सोपवत. एका खेपेचा रंग दुसऱ्या खेपेला येत नसे.

प्रयोगांची वही

१७५४ मध्ये वेजवुड त्या काळचा नामांकित कुंभार थॉमस व्हील्डन याचा भागीदार झाला. तेथे त्याने प्रयोगांची वही लिहायला सुरुवात केली. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, मिश्रणाचे वजन, भट्टीतील जागा आणि निष्कर्ष. आपली कृती कोणी चोरू नये म्हणून काही नोंदी तो सांकेतिक खुणांत करी. अयशस्वी प्रयोगही तो तितक्याच काळजीने लिहून ठेवी. जेमतेम शाळा शिकलेल्या या कुंभाराने प्रयोगशाळेची शिस्त अशी स्वतःच उभी केली.

१७५९ मध्ये त्याने बर्स्लेम येथे स्वतःचा कारखाना सुरू केला. काही वर्षांत त्याने फिकट मलईच्या रंगाची, हलकी आणि स्वस्त भांडी बाजारात आणली. राणी शार्लटने त्यांचा संच मागवल्यावर त्यांना राणीचे नाव मिळाले आणि ती सर्वसामान्यांच्या घरात पोचली. ही भांडी छापील नक्षीसाठी तो लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन यांच्याकडे पाठवी. या दोघांनी १७५६ मध्येच टाइल्सवर छपाई करून दाखवली होती. सहा तासांत बाराशेहून अधिक टाइल्स छापल्याचा त्यांचा दावा होता. वेजवुडने पुढे टाइल्सही बनवल्या. श्रीमंतांच्या दूधघरांच्या भिंतींना त्या बसवल्या जात, कारण झिलई दिलेली भिंत पुसली की स्वच्छ होते. आज शस्त्रक्रियागृहाच्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टाइल्स लावतो, त्यामागचा विचार हाच आहे.

दरम्यान अधू पाय त्रास देतच होता. दुखणे वाढले, अंथरूण धरावे लागले. अखेर मे १७६८ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापण्यात आला. त्या वेळी भूल देण्याची सोय नव्हती. इथर वायूची भूल येण्यास अजून अठ्ठ्याहत्तर वर्षे होती. जंतुसंसर्ग म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. अशा शस्त्रक्रियेतून अनेक रुग्ण वाचत नसत. वेजवुड वाचला, लाकडी पाय लावून कामाला लागला आणि पुढच्याच वर्षी, जून १७६९ मध्ये, त्याने एट्रुरिया नावाचा नवा मोठा कारखाना सुरू केला.

बेरियमची निळी भांडी

वेजवुडचे सर्वांत नावाजलेले काम म्हणजे जास्पर. निळ्या पृष्ठभागावर पांढऱ्या उठावाच्या आकृत्या असलेली ही भांडी आजही संग्रहालयांत दिसतात. ती साधण्यासाठी त्याने हजारो नमुने भाजून पाहिले. १७७५ च्या सुमारास हवे ते मिश्रण सापडले. त्यातला मुख्य घटक होता डर्बीशायरच्या खाणींतला एक जड पांढरा दगड, म्हणजे बेरियम सल्फेट. पोटाचा एक्स-रे काढताना रुग्णाला जे पांढरे बेरियम पाजतात, ते हेच. पाण्यात ते विरघळत नाही, म्हणून शरीरात शोषले जात नाही आणि विषबाधाही होत नाही. याच धातूचे दुसरे संयुग बेरियम कार्बोनेट मात्र जठरातील आम्लात विरघळते आणि जीवघेणे ठरते. त्याच्या खनिजाला विदराइट म्हणतात. हे नाव डॉ. विल्यम विदरिंग यांच्यावरून आले. डिजिटॅलिस हे हृदयविकाराचे औषध वैद्यकात आणणारे हेच विदरिंग वेजवुडच्या मित्रमंडळात होते. जेम्स वॉट, जोसेफ प्रीस्टली आणि डॉक्टर इरॅस्मस डार्विन हेही त्याच मंडळातले. प्रीस्टलीच्या वायूंवरील प्रयोगांसाठी लागणारी चिनीमातीची उपकरणे वेजवुड करून देई.

भट्टीची उष्णता मोजण्याचा प्रश्नही त्याने सोडवायला घेतला. पाऱ्याचा तापमापक एवढ्या उष्णतेत टिकत नाही. माती भाजली की आकसते, जास्त भाजली की जास्त आकसते, हे साधे निरीक्षण त्याने उपयोगात आणले. मातीचे छोटे तुकडे भट्टीत ठेवायचे आणि नंतर निमुळत्या होत गेलेल्या पितळी खाचेत ते कुठपर्यंत सरकतात ते पाहायचे. १७८२ मध्ये त्याने हे साधन रॉयल सोसायटीपुढे मांडले आणि १७८३ मध्ये सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले. त्याचे आकडे पुढे बरेच चुकीचे ठरले, पण कल्पना टिकली. आकसण्यावरून उष्णता ओळखणाऱ्या मातीच्या कड्या आजही भट्ट्यांत वापरल्या जातात.

झिलईतले विष, हवेतले विष

या सुंदर भांड्यांची किंमत कामगार आपल्या शरीराने मोजत होते. त्या काळच्या झिलईत शिसे असे. शिशामुळे झिलई कमी उष्णतेत वितळते आणि चमकते. पण भांडी झिलईच्या द्रावणात बुडवणाऱ्या कामगारांचे हात दिवसभर त्यात असत. त्याच हातांनी ते भाकरी खात. पोटात असह्य कळा, बद्धकोष्ठता, मनगट लुळे पडणे, झटके येणे ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे त्या वस्तीत नेहमीची होती. मँचेस्टरचे डॉ. थॉमस पर्सिव्हल यांनी या झिलईच्या धोक्याकडे लक्ष वेधले, तेव्हा वेजवुडने शिशाविना झिलई करण्याचे प्रयोग केले. मलईरंगी भांड्यांतून मात्र शिसे पूर्णपणे गेले नाही. बिनशिशाची झिलई हवी तशी वितळत नव्हती. शंभराहून अधिक वर्षांनी, १८९९ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ थॉर्प आणि डॉ. ऑलिव्हर यांनी ब्रिटिश सरकारला अहवाल दिला, तेव्हाही इंग्लंडचे कुंभारकामगार शिशाने आजारी पडतच होते. शिसे वगळणे किंवा ते आधी सिलिकेबरोबर वितळवून काचेत बांधून टाकणे, हा त्यावरचा उपाय ठरला. झिलईचे घटक असे आधी वितळवून केलेल्या काचेला फ्रिट म्हणतात. आजच्या टाइल कारखान्यांत ती सर्वत्र वापरली जाते.

दुसरे विष हवेत होते. भांडी पांढरी व्हावीत म्हणून गारगोटी भाजून कुटली जाई. तिची पूड श्वासातून आत जाऊन कामगार तरुणपणीच खोकत मरत. वेजवुडच्या जन्माआधीच, १७२६ मध्ये, थॉमस बेन्सन याने गारगोटी पाण्यात दळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. हेतू कामगारांना धुळीपासून वाचवण्याचाच होता. दळण ओले झाले, पण कारखान्यातल्या इतर कामांत सुकलेल्या मातीची धूळ उडतच राहिली आणि कुंभारांचा दमा हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालला. आज त्याला सिलिकोसिस म्हणतात.

वेजवुड ३ जानेवारी १७९५ रोजी वारला. अखेरीस त्याला जबड्याचा आजार झाला होता, बहुधा कर्करोग. १७८७ मध्ये त्याने गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी साखळदंडातील माणसाचे छोटे पदक घडवले होते. ती पदके त्याने मोफत वाटली आणि लोक ती दागिन्यासारखी वापरू लागले. त्याची मुलगी सुसाना ही चार्ल्स डार्विनची आई. नातवाला बीगल जहाजावर जाऊ द्यावे म्हणून डार्विनच्या वडिलांचे मन वळवले ते वेजवुडच्या मुलाने.

आजचा धुरळा

वेजवुडच्या काळचे शिसे टाइल कामातून बरेचसे हद्दपार झाले. सिलिका मात्र जाऊ शकत नाही, कारण टाइलचा सांगाडाच तिचा आहे. कोरडी टाइल किंवा ग्रॅनाइट कटरने कापले की सिलिकेचे अतिसूक्ष्म कण हवेत येतात. डोळ्यांना दिसतो तो जाड धुरळा नाकात, घशात अडकतो. न दिसणारे कण फुप्फुसाच्या शेवटच्या कप्प्यांत पोचतात. तेथील संरक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरतात, कण पुन्हा मोकळे होतात आणि त्या जागी व्रणासारखे कठीण ऊतक तयार होत जाते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. काही वर्षांनी जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला राहतो. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. शिवाय अशा फुप्फुसात क्षयरोग लवकर घर करतो.

१९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस आणि शिशाची विषबाधा हे दोन्ही कळवणे बंधनकारक असलेले आजार ठरवले होते. पण घरोघरी फरशी बसवणारा कारागीर कुठल्याच कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. त्याची तपासणी करणारे कोणी नसते. म्हणून खबरदारी घर बांधणाऱ्याने आणि कारागिराने मिळून घ्यायला हवी.

टाइल कापताना पात्यावर पाण्याची धार ठेवावी. बेन्सनचा तीनशे वर्षांपूर्वीचा हा उपाय आजही सर्वांत स्वस्त आहे. विजेचे साधन आणि पाणी एकत्र येणार असल्याने पाण्यासाठीच बनवलेला कटर आणि अर्थिंग असलेली जोडणी वापरावी. तोंडाला रुमाल बांधून सूक्ष्म कण अडत नाहीत. एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवावा. कापणी उघड्या जागेत करावी, लहान मुलांना तेथे फिरकू देऊ नये. धूळ कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. जेवण्यापूर्वी हात-तोंड धुवावे आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ज्यांनी हे काम काही वर्षे केले आहे, त्यांनी खोकला किंवा दम लागत असल्यास छातीचा एक्स-रे आणि श्वासाची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना आपला व्यवसाय न विचारताही सांगावा. नुसता खोकला सांगितला तर क्षयाचे किंवा दम्याचे उपचार सुरू होतात आणि मूळ कारण तसेच राहते.