मल्लवीर खाशाबा जाधव

कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या प्रीतिसंगमावर कऱ्हाड हे गाव वसले आहे. त्याच्या शेजारी गोळेश्वर नावाचे लहानसे खेडे आहे. या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित पैलवान होते. त्यामुळे कुस्तीचे बाळकडू खाशाबांना घरातच मिळाले. अंगाने ते धिप्पाड नव्हते. परंतु चपळाई विलक्षण होती आणि ढाक हा त्यांचा हातखंडा डाव होता.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातील शिक्षण संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शाहू महाराजांच्या राजाश्रयाने कोल्हापूर ही मल्लविद्येची पंढरी झाली होती. अभ्यास आणि तालीम ही दोन्ही व्रते खाशाबांनी तेथे निष्ठेने चालविली.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला आणि खाशाबा सातासमुद्रापलीकडे गेले. तेथे एक नवीच अडचण त्यांच्यापुढे उभी राहिली. आपल्याकडील कुस्ती लाल मातीच्या हौदात होते; प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की निकाल लागतो. तेथील कुस्ती मात्र गादीवर आणि ठरावीक वेळात होत असे, आणि कोणी चीत न झाल्यास पंच कौल देत. मातीत रुतून उभा राहणारा पाय गादीवर तसा ठरत नाही. अशा परक्या पद्धतीतही खाशाबांनी आपल्या वजनगटात सहावा क्रमांक मिळविला. दुसरा कोणी एवढ्यावर समाधान मानून बसला असता. खाशाबांनी मात्र परत येताच पुढील स्पर्धेचा ध्यास घेतला.

चार वर्षांनी, १९५२ साली, फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे ऑलिंपिक सामने व्हावयाचे होते. निवडीत आपल्यावर अन्याय झाला असे वाटल्यावरून खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती झाली आणि खाशाबांनी ती जिंकून आपला हक्क सिद्ध केला. आता प्रश्न उरला तो पैशाचा. गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढली. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्यासाठी गुरूने डोक्यावरचे छप्पर पणाला लावले!

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनाच्या गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी नमविले. जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममदबेयोव यांच्याकडून मात्र त्यांना हार पत्करावी लागली. सुवर्णपदक इशी यांना मिळाले. हे इशी मूळचे जूदो खेळणारे. महायुद्धानंतर जपानात जूदोवर बंदी आली, म्हणून ते कुस्तीकडे वळले होते. जूदोला ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो पुढे १९६४ साली, तोक्यो येथे. अशा रीतीने एक जण जूदो सोडून आणि दुसरा लाल माती सोडून त्या गादीवर आला होता. दोघांनीही नवी विद्या कष्टाने आत्मसात केली होती. खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये मिळविलेले हे पहिले वैयक्तिक पदक होय.

खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडात शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु त्या जयघोषात त्यांना एका गोष्टीचा विसर पडला नाही. आपल्यासाठी गहाण पडलेले घर त्यांच्या मनात सलत होते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः कुस्त्या केल्या आणि मिळालेल्या पैशांतून गुरूंचे घर सोडविले. पदकाइतकेच मोल या कृतज्ञतेचेही आहे.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले आणि साहाय्यक आयुक्त या पदापर्यंत पोहोचले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांची व्हावी तशी कदर झाली नाही. भारताला ऑलिंपिकमधील दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडले. तेव्हा कोठे खाशाबांच्या पराक्रमाची थोरवी अनेकांच्या ध्यानी आली. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव मिळाले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

मुलांनो, विजयाचे पदक एकाच्या गळ्यात पडते; पण त्यामागे अनेकांचे हात असतात. ते हात जो विसरत नाही, तोच खरा वीर. खाशाबा असे वीर होते.