रोगाची रसद तोडणारा शल्यविशारद

म्हातारपणी रात्री चारचारदा उठावे लागले, तरी आपल्याकडे घरातला वडीलधारा पुरुष त्याविषयी अवाक्षर काढत नाही. बहुधा ती प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढ असते. कधी मात्र कर्करोग निघतो. या कर्करोगाचे मर्म ओळखणारे डॉ. चार्ल्स हगिन्स म्हणूनच घरोघरी ठाऊक असायला हवेत.

हगिन्स मूळचे कॅनडातील हॅलिफॅक्सचे. जन्म १९०१चा. १९२४ मध्ये ते हार्वर्डमधून डॉक्टर झाले आणि १९२७ मध्ये शिकागो विद्यापीठात रुजू झाले. कर्करोगाची पेशी एकदा बेबंद झाली की शरीराचा कोणताच नियम पाळत नाही, अशी त्या काळी समजूत होती. हगिन्स यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, कारण म्हाताऱ्या कुत्र्यालाही माणसाप्रमाणे प्रोस्टेटचा विकार जडतो. वृषणे काढली की ग्रंथी आकसते आणि टेस्टोस्टेरॉन टोचले की पुन्हा कामाला लागते, हे त्यांना दिसले.

मग क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह, रोग हाडांपर्यंत पोचलेल्या रुग्णांवर त्यांनी हाच उपाय केला. ते निष्कर्ष १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगाबरोबर रक्तात वाढणारे अ‍ॅसिड फॉस्फटेज वृषणे काढल्यावर उतरले. अंथरुणाला खिळलेल्या कित्येकांच्या वेदना शमल्या. रोगाची रसदच तुटली होती! १९६६ मध्ये त्यांना पेटन राउस यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

माझे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले, त्यामुळे पुढचा हिशेब मला अधिक मोलाचा वाटतो. टेस्टोस्टेरॉन घटले की रोग हटतो; मग ते जास्त असले की रोग होणारच, असे धरले गेले. पण त्याला आधार अगदी मोजक्या रुग्णांचा होता. २००८ मध्ये १८ अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हा रक्तातील टेस्टोस्टेरॉनची पातळी आणि या रोगाचा धोका यांत संबंध आढळला नाही. ग्रंथीची भूक थोडक्यातच भागते, जास्तीचे पडून राहते, असा त्याचा अर्थ लावला जातो. पसरलेल्या रोगावरील उपचारात मात्र ही पातळी डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली आणतात, आता बहुधा इंजेक्शनांनी. तरीही कालांतराने रोग अर्धपोटी जगायला शिकतो आणि नवी औषधे लागतात.

हगिन्स १९९७ मध्ये, वयाच्या ९५व्या वर्षी गेले. त्यांनी नेटाने मोजले, म्हणून रोगाचे वर्म सापडले. आपल्या आजोबांनी तोंड उघडले, तरच डॉक्टरांना काही मोजता येईल. आज जेवणे झाल्यावर त्यांना जरा विचाराच.