नानाभाई मूस आणि न थांबलेली सुई

कला शाखेच्या विद्यार्थ्याने चुंबकावर लेख लिहावा, हे संपादकांना जरा चमत्कारिक वाटले असेल. पण चुंबकाशी माझी ओळख कॉलेजात येण्याच्या आधीची आहे. आमचे गाव डाळज, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, उजनीच्या फुगवट्याच्या काठचे. पाण्यावरच्या मोटारी जळणे आणि त्या भरून आणणे, हा आमच्याकडचा नित्याचा उद्योग. मोटारीच्या पोटात नुसती तांब्याची तार. ती लोखंडाला गरगर कशी फिरवते, हे कोडे मला शाळेत सुटले. सरांनी टेबलावर होकायंत्र ठेवले, त्यावरून एक तार नेली आणि तिची टोके सेलला लावली. उत्तरेकडे तोंड करून निवांत बसलेली सुई झटक्यात वळली. सेल काढला, सुई पुन्हा जागेवर.

तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व उभे राहते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० साली पाहिले. पुढे १८३१ मध्ये फॅरडेने याची दुसरी बाजू दाखवली. चुंबक तारेच्या वेटोळ्यात हलवला की तारेत वीज येते. आमच्या मोटारी आणि त्यांना वीज पुरवणारी जनित्रे या दोन गोष्टींवरच चालतात.

मला मात्र त्या तासाला वेगळीच शंका आली. सुईला ओढणारा जोर पृथ्वीचा आहे की सेलचा, हे सुईला कसे कळते? तिला काहीच कळत नाही, असे सर हसून म्हणाले. याच अडचणीपायी एका माणसाने अख्खी चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे नेली, हे मला कॉलेजात आल्यावर समजले.

तो माणूस म्हणजे नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस. भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांत हे नाव जगभर परिचित आहे. आपल्याला ते ठाऊक नसावे, याला आपली पाठ्यपुस्तके जबाबदार. जन्म १८५९ सालचा, पारशी कुटुंबातला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून स्थापत्याची पदवी घेऊन ते एडिंबरोला गेले, तिथे विज्ञानाची पदवी मिळवली आणि परत येऊन मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागले. १८९६ साली कुलाबा वेधशाळेचे संचालकपद त्यांच्याकडे आले. त्या जागी बसलेले ते पहिले भारतीय.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापलेली. चुंबकीय नोंदी तिथे १८४१ पासून होत. पृथ्वीचा चुंबकीय जोर आपल्याला स्थिर वाटतो, पण तो रोज दिवसभरात किंचित वरखाली होतो, हजारात एखाद-दुसऱ्या भागाइतका. सूर्यावर खळबळ झाली की मात्र तो एकदम ढळतो, त्याला चुंबकीय वादळ म्हणतात. मूस जन्मले त्याच वर्षी, १८५९ च्या सप्टेंबरात, असे एक प्रचंड वादळ झाले. कुलाब्याच्या माणसांनी ते डोळ्यांनी सुई वाचून टिपून ठेवले. त्या दिवशी जोर सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला होता. पुढे १८७२ पासून नोंद छायाचित्राने होऊ लागली. टांगलेल्या चुंबकाला छोटा आरसा, आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका, आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या कागदावर त्याची रेघ.

ही रेघ मूस यांच्या हाती आली आणि लगेच तिच्यावर संकट आले. मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरू लागले. ट्रामची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. जाताना तिचा काही अंश जमिनीत झिरपतो. सरांच्या टेबलावरच्या तारेचा प्रयोग आता साऱ्या शहराच्या पोटात होणार होता. रेघ हलली तर ती सूर्यामुळे की ट्राम सुटल्यामुळे, हे सांगणार कोण? ट्राम काही टळणारी नव्हती. हलायचे ते वेधशाळेनेच.

मूस यांनी अलिबाग निवडले. मुंबईपासून जवळ, तरी कारखाने व ट्राम यांपासून दूर. (कुलाब्याची वेधशाळा अशी कुलाबा जिल्ह्यात गेली! तो जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला.) इमारत उभारताना लोखंडाला पूर्ण मज्जाव. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातही चुंबकीय कण असतात, म्हणून पोरबंदरचा दगड आणला. खिळे-बिजागऱ्यांनाही तांबे-पितळच.

पण मला त्यांची खरी थोरवी वाटते ती पुढच्या गोष्टीत. १९०४ मध्ये अलिबाग सुरू झाले म्हणून त्यांनी कुलाबा बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. साखर कारखान्यात नवा वजनकाटा बसवताना तीच उसाची गाडी दोन्ही काट्यांवर तोलून फरक बघावा, तसे. त्यामुळे जुनी रेघ नव्या रेघेला बेमालूम जोडता आली. विजेची ट्राम मुंबईत धावली ती मे १९०७ मध्ये. तोपर्यंत सुई सुखरूप पोहोचली होती.

मग त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे आकडे तपासून, लावून, त्यांचा अर्थ सांगणारे दोन खंड १९१० साली प्रसिद्ध केले. गणकयंत्र नसताना एवढी आकडेमोड! अभ्यासक ते आजही उघडतात. १८५९ च्या त्या वादळाचा कुलाब्याचा आलेखही २००३ मध्ये पुन्हा अभ्यासला गेला. १९१९ साली मूस निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये वारले.

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला कायमची थांबली. अलिबागची रेघ मात्र चालू आहे. ती आता भारतीय भूचुंबकत्व संस्था सांभाळते. गेल्या हिवाळ्यात एस. टी. ने अलिबागला गेलो होतो. समुद्राकाठी वेधशाळेच्या फाटकाशी उभा राहिलो, खिशातली सायकलची किल्ली चाचपली आणि दोन पावले मागे सरलो. इतक्या लांबून तिने काही बिघडणार नव्हते, हे मला ठाऊक होते, तरीही.