‘सेल्फ’मागचा केटरिंग

जुनी फियाट सकाळी सुरू होईना की मेकॅनिक आधी सेल्फ मारून पाहतो. इंजिन फिरलेच नाही, तर दोष बॅटरीत नाहीतर सेल्फमध्ये. फिरूनही पेटत नसेल, तर प्लगला करंट येतो का पाहायचे, मग पॉइंट घासायचे, कंडेन्सर बदलायचा. यातला सेल्फही चार्ल्स केटरिंगचा आणि करंटची ही जोडणीही त्याचीच.

१८७६ साली ओहायोतल्या शेतकरी घरात तो जन्मला. डोळे अधू, म्हणून शिक्षण रखडत झाले. डेटनच्या कॅश रजिस्टर कारखान्यात त्याने गल्ल्याला विजेची मोटर बसवली. (आम्हा बँकवाल्यांना याचे अप्रूप!) गल्ला उघडायला जोर लागतो तो क्षणभर; तेवढ्यापुरते छोटी मोटरही ताकदीबाहेरचे काम ओढते. हाच हिशेब त्याने इंजिनाला लावला. तेव्हा हँडल उलट फिरून मनगटे मोडत. १९१२च्या कॅडिलॅकला सेल्फ आला आणि हँडल मारणे सुटले.

पुढे १९२१ साली त्याच्याच प्रयोगशाळेने पेट्रोलमध्ये शिसे घालायची युक्ती काढली. इंजिनाचे नॉकिंग थांबले. विष हवेत गेले. केटरिंग वारला १९५८ साली. भारतात शिशाचे पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले.