जे. आर. डी. टाटा : इंजिनाच्या आवाजावर वेग ओळखणारा वैमानिक

भारतीय नागरी विमान वाहतुकीचे जनक म्हणून जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचे नाव सर्वपरिचित आहे. मात्र विमानाच्या आधी त्यांना वेड होते ते मोटारीचे, ही गोष्ट तितकीशी आठवली जात नाही. विशीतल्या जे. आर. डीं.कडे बुगाटी ही फ्रेंच बनावटीची शर्यतीची मोटार होती आणि मुंबई-पुणे रस्त्यावर ते ती भरधाव पिटाळत असत.

आजच्या मोटारीत गिअर केव्हा बदलावा, हे दर्शविणारा लहानसा बाण चालकासमोर उमटतो. इंजिनाच्या फेऱ्या व अ‍ॅक्सिलरेटरवरील दाब मोजून यंत्र तो सल्ला देते. साध्या मोटारीत तो इंधन वाचविण्यासाठी असतो, तर वेगवान मोटारीत इंजिन धोक्याच्या मर्यादेपाशी पोहोचल्याची सूचना देण्यासाठी. बुगाटीच्या काळात ही सोय नव्हती. गिअर जुळवून घेणारी दातेरी रचनाही सार्वत्रिक झाली नव्हती. क्लच दोनदा दाबून, इंजिनाचा सूर ऐकून चालकालाच फेऱ्यांचा मेळ घालावा लागे. चुकला की दाते करकरलेच! पुढे टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डेम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनविण्यास प्रारंभ केला. जबलपूरहून बरगी, लखनादौन, सिवनीमार्गे नागपूरकडे उतरणाऱ्या रस्त्यासारख्या लांब पल्ल्याच्या मार्गांवर मालमोटारींच्या चालकांनीही हीच विद्या कानानेच आत्मसात केली.

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभॉय टाटा, आई फ्रेंच. इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरिओ हे फ्रान्सच्या किनाऱ्यावरील त्यांच्या घराचे शेजारी. विमानाचे आकर्षण तेथेच रुजले. १९२५ च्या अखेरीस ते बिनपगारी उमेदवार म्हणून टाटा समूहात दाखल झाले. वेगाच्या नादाने त्यांना एकदा वकिलाची पायरी चढावी लागली. जॅक विकाजी हे ते वकील. त्यांची भाची थेल्मा हिच्याशी १९३० मध्ये जे. आर. डीं.चा विवाह झाला.

१० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी भारत व इंग्लंड दरम्यान एकट्याने उड्डाण करण्याच्या आगाखान स्पर्धेत ते उतरले. वाटेत इजिप्तमध्ये स्पर्धक अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगवाचून अडकलेले दिसले, तेव्हा जे. आर. डीं.नी आपल्याकडील प्लग त्यांना दिले. अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते अहमदाबादमार्गे मुंबईला जुहू येथे उतरले. ‘पस मॉथ’ या एका इंजिनाच्या विमानात रेडिओ नव्हता, जमिनीवरून मार्गदर्शन करणारे कोणी नव्हते. खालचा प्रदेश डोळ्यांनी ओळखायचा आणि इंजिनाची तब्येत कानांनी. या टपालसेवेतूनच एअर इंडिया उभी राहिली. १९४८ मध्ये तिचे विमान लंडनला पोहोचले. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यानंतरही, ते मनाविरुद्ध असताना, जे. आर. डी. अध्यक्षपदी राहिले.

परंतु शरीराच्या जाणिवेवर सर्वकाळ विसंबता येत नाही. क्षितिज दिसेनासे झाले की हळूहळू कलणारे विमान वैमानिकाला सरळच भासते. तेथे यंत्रावरच विश्वास ठेवावा लागतो. आणि यंत्रच बिघडले तर? १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेले ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टनसमोरील कल दाखविणारे उपकरण चुकीचे दर्शन घडवीत होते; विमान सरळ असताना ते उजवीकडे झुकल्याचे दिसले आणि ते डावीकडे वळविले गेले. बाहेर समुद्रावर काळोख होता. इतर उपकरणांशी वेळीच पडताळणी झाली नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. ज्या संस्थेची सेवा त्यांनी एवढ्या निगुतीने जपली, तिच्यावरचा हा आघात जे. आर. डीं.च्या अध्यक्षपदाच्या अखेरच्या आठवड्यांत झाला. फेब्रुवारीत मोरारजी देसाई सरकारने त्यांना पदावरून दूर केले. ती वागणूक त्यांच्या सेवेला शोभणारी नव्हती, असेच म्हणावे लागेल.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा एकट्याने केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न प्रदान करण्यात आले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.